आपले प्रश्न : रॉकेट वाकडे का जाते?

मागील अंकात मी मॉडेल रॉकेटच्या किटचा केवळ ओझरता उल्लेख केला होता. अमेरिकेत मुलीकडे गेलो असता नातवाबरोबर पुठ्ठ्याच्या नळीचे एक लहान रॉकेट बांधले आणि उडवले, एवढीच ती हकिकत होती. परंतु तिच्यावर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून इतकी पत्रे आली की या वेळचा सगळा स्तंभ त्याच विषयाला देत आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. “सर्वांत उंच जाणारे किट कोणते?” एवढेच विचारणारी पत्रे मात्र बाजूला ठेवली आहेत, कारण माझ्या मते नवशिक्याने सर्वांत शेवटी विचारावा असा तो प्रश्न आहे.

माझ्या पुतण्याने परदेशातून येताना मुलासाठी रॉकेटचे किट आणले. खोक्यात नळी, पंख, पॅराशूट असे सारे आहे, पण मोटर नाही. ती येथे कोठे मिळेल? न मिळाल्यास फटाक्यांतली दारू वापरून घरी करता येईल का? — एक पालक, कराड

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, आणि ते “नाही” असे आहे. दिवाळीतला बाण फोडून त्यातली दारू काढणे, ती कुटणे, नळीत ठासणे यांपैकी एकही गोष्ट मुलाने करू नये आणि आपणही करू नये. कारखान्यात तयार होणारी लहान मोटर म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाची आणि ७० मिलिमीटर लांबीची जाड कागदी नळी असते. तिच्या तळाशी मातीचे तोंड, त्यावर यंत्राने एकसारखी दाबलेली काळी दारू, तिच्या वर सावकाश जळणारा विलंबाचा थर आणि अगदी टोकाला पॅराशूट बाहेर ढकलणारी चिमूटभर दारू, अशी तिची रचना असते. हाताने ठासलेल्या दारूत बारीकशी चीर राहिली तरी जळणारा पृष्ठभाग एकदम वाढतो, आतला दाब क्षणात चढतो आणि मोटर न राहता तो सुतळी बॉम्ब होतो.

हा छंद मुळात या एका धोक्यातून मार्ग काढण्यासाठीच वाढला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात ऑर्व्हिल कार्लाइल नावाचे एक जोड्यांचे दुकानदार होते, आणि त्यांना शोभेच्या दारूकामाचा नाद होता. त्यांचे भाऊ रॉबर्ट विमानांच्या प्रतिकृती करीत. या दोघांनी १९५४ च्या सुमारास कागदी नळीचे, बदलता येणाऱ्या मोटरचे आणि पॅराशूटने परत येणारे रॉकेट तयार केले. पुढे १९५७ साली स्पुटनिक हा रशियाचा पहिला कृत्रिम उपग्रह उडाला आणि घरी इंधन कालवून हातपाय गमावणाऱ्या मुलांच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा व्हाइट सँड्स येथील क्षेपणास्त्र तळावर काम केलेल्या हॅरी स्टाइन यांनी कार्लाइल यांचे हे काम पुढे आणले. दारूचे काम कारखान्याकडे आणि बांधणीचे काम मुलांकडे, अशी जी विभागणी त्या वेळी झाली, तिच्यावर हा सगळा खेळ उभा आहे.

आता पहिला प्रश्न. काळ्या दारूची मोटर आपल्या कायद्याच्या दृष्टीने स्फोटक आहे. स्फोटकांची आयात, साठवण आणि विक्री १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे स्फोटक नियम यांखाली येते, आणि त्यासाठी परवाने लागतात. हे काम पाहणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपुरात आहे. विमानाच्या सामानात, मग ते हातातले असो वा खाली द्यायचे, अशी मोटर चालत नाही. टपालानेही ती पाठवता येत नाही. आपल्या पुतण्याने ती आणली नाही, हे त्याने शहाणपणाचेच केले. अशा परिस्थितीत किट मन लावून बांधावे, कारण खरे शिक्षण बांधण्यातच आहे. परवानगी असलेल्या एखाद्या संस्थेच्या कार्यक्रमात ते उडवण्याची संधी मिळाली तर उत्तमच. तोपर्यंत पंख, तोल आणि वारा यांचे सारे नियम पाण्याच्या रॉकेटवर, म्हणजे पाणी घालून हवेच्या दाबाने उडवलेल्या बाटलीवर, शिकता येतात. त्याला परवाना लागत नाही, एक बाटली, एक बूच आणि सायकलचा पंप पुरतो.

तीनपैकी एक पंख चिकटवताना किंचित तिरका बसला आहे. तसेच उडवले तर चालेल का? पंख पक्के बसवण्याची रीत सांगावी. — मिरज येथील एक वाचक

उडेल, पण स्वतःभोवती गरगर फिरत वर जाईल, आणि वर चढण्यात खर्च व्हायची काही ताकद त्या फिरण्यात जाईल. गोंद अजून ओला असेल तर पंख काढून पुन्हा लावावा. वाळला असेल तर धारदार पात्याने नळीलगत कापावा, कड घासून सरळ करावी आणि पुन्हा बसवावा. अर्ध्या तासाचे काम आहे, ते टाळू नये.

पंख बाल्साच्या लाकडाचे असतात. हे लाकूड इतके हलके असते की हातात घेतल्यावर थर्माकोलचा भास होतो, परंतु त्याला रेषे असतात आणि सारी ताकद त्या रेषांच्या दिशेने असते. पंखाची जी कड वाऱ्याला सामोरी जाते, तिला रेषे समांतर असले पाहिजेत. मुलाने फळीवर पंखाचा साचा आडवा ठेवून कापला, तर तो पंख पहिल्याच उतरणीत, जमिनीला टेकता टेकता, रेषेवर मोडतो. किटमध्ये पंख आधीच कापलेले असतील तर ही काळजी कारखान्याने घेतलेली असते. साचा तेवढा दिला असेल तर ती आपण घ्यायची.

नळीवर पंखांच्या जागा आखण्यासाठी किटमध्ये बहुधा कागदाची एक पट्टी असते. ती नळीभोवती गुंडाळून तीन खुणा कराव्यात. त्या खुणांपासून नळीच्या लांबीभर सरळ रेघ ओढणे पट्टीने जमत नाही, कारण पट्टी गोल नळीवर घसरते. आमच्या घरी मी यासाठी दाराची चौकट वापरतो. चौकटीच्या आतल्या कोपऱ्यात नळी उभी दाबून धरली की चौकटीची कड नळीच्या अक्षाला आपोआप समांतर येते, आणि तिच्या आधाराने पेन्सिल सरळ जाते. सुताराकडे ॲल्युमिनियमचा कोन असेल तर त्याहून बरे.

त्यानंतरचे काम संयमाचे आहे. नळीवर गुळगुळीत, चकचकीत थर असतो आणि त्यावर गोंद धरत नाही. म्हणून जेथे पंख बसणार तेवढीच पट्टी बारीक पॉलिश पेपरने खरवडून घ्यावी. पंखाच्या पुढच्या कडेला गोलाई द्यावी, मागची कड निमुळती करावी, पण नळीला टेकणारी कड मात्र चौकोनीच ठेवावी. मग साधा पांढरा फेविकॉल पंखाच्या त्या कडेवर आणि नळीवरच्या रेघेवर पातळ लावावा आणि दोन्ही थर वाळू द्यावेत. त्यावर पुन्हा एक पातळ थर देऊन पंख दाबावा. मिनिटभरात तो असा धरतो की हात सोडता येतो. झटपट चिकटवणाऱ्या रसायनाचा मोह अनेकांना होतो, परंतु तो सांधा ठिसूळ राहतो आणि चूक सुधारायला वेळही देत नाही. तिन्ही पंख लागल्यावर नळी डोळ्याशी धरून मागच्या बाजूने पाहावे. एखादा पंख कललेला असेल तर तो तेथून लगेच दिसतो.

शेवटी पंख आणि नळी यांच्या कोपऱ्यात दोन्ही बाजूंनी गोंदाची बारीक किनार बोटाने ओढावी आणि रॉकेट आडवे ठेवून वाळवावे, नाहीतर गोंद ओघळतो. एकच जाड किनार देण्यापेक्षा दोन पातळ द्याव्यात, कारण जाड गोंद वाळताना आकसतो आणि त्यात फट पडते. साताऱ्यातल्या आषाढात हे काम काढलेत तर प्रत्येक थराला दुप्पट वेळ धरावा. दमट हवेत फेविकॉल वाळत नाही आणि बाल्साही फुगते.

आमची फजिती पंखांत झाली नव्हती, मोटरच्या खोबणीत, म्हणजे मोटर बसवायच्या लहान नळीत, झाली होती. ही खोबण नळीच्या आत गोंद लावून सरकवायची असते. अर्ध्यावर गेल्यावर नातवाने “आजोबा, सरळ आहे ना?” असे विचारले आणि मी पाहण्यासाठी थांबलो. तेवढ्यात गोंदाने कागदाला धरले. खोबण ना पुढे जाईना, ना मागे येईना. ती नळी टाकून द्यावी लागली. म्हणून किती आत सरकवायचे ती खूण आधी करावी, आणि मग एका दमात ढकलावे.

सर, मी नववीत आहे. मी बाटलीचे पाण्याचे रॉकेट केले. ते थोडे वर गेले आणि कोलांट्या मारत खाली आले. जास्त हवा भरू का? — विटा

हवा मुळीच वाढवू नकोस. दोष ताकदीचा नाही, तोलाचा आहे.

रॉकेटला दोन बिंदू असतात. एक वजनाचा मध्य, जेथे बोटावर ठेवले असता ते तोलून राहते. दुसरा हवेच्या दाबाचा मध्य, जेथे बाजूने येणारी हवा एकवटून ढकलते असे धरता येते. उडते रॉकेट नेहमी वजनाच्या मध्याभोवती वळते. दाबाचा मध्य त्याच्या मागे असेल, तर रॉकेट जरा कलले की हवा शेपटीला ढकलून त्याला पुन्हा सरळ करते. तो पुढे असेल, तर हीच हवा नाकाला आणखी वळवते आणि कोलांटी बसते. पतंगाला शेपूट आणि दिवाळीच्या बाणाला काठी याच कामासाठी असते. ती काठी मोडून बाण लावला तर काय होते, हे तुमच्या गल्लीत कोणीतरी पाहिलेले असेल.

तुझ्या बाटलीत उडताना पाणी असते, पण ते क्षणार्धात निघून जाते. त्यानंतर उरते ती रिकामी हलकी बाटली, आणि तिच्या मागच्या टोकाला पंखांचे वजन. नाकात वजन नसेल तर वजनाचा मध्य फार मागे राहतो आणि घोटाळा होतो. म्हणून परीक्षा रिकाम्या बाटलीची घ्यायची. बाटलीची पंखांसह बाजूची आकृती पुठ्ठ्यावर खऱ्या मापाने कापून घे आणि ती पट्टीच्या कडेवर तोलून पाहा. ती जेथे तोलते तो दाबाच्या मध्याचा सावध अंदाज. रिकाम्या रॉकेटच्या वजनाचा मध्य त्याच्या पुढे किमान एका व्यासाइतका, म्हणजे दोन लिटरच्या बाटलीला साधारण १० ते ११ सेंटिमीटर असला पाहिजे. नसेल तर नाकात शाडूची माती भर, किंवा पंख थोडे मोठे करून जमतील तितके मागे लाव. त्यानंतर वजनाच्या मध्यावर चिकटपट्टीने दोरी बांधून मोकळ्या जागी ते गोफणीसारखे डोक्याभोवती फिरव. नाक पुढे ठेवून ते फिरत राहिले तर उडायला योग्य आहे. आडवे किंवा उलटे झाले तर आणखी माती हवी. हीच गोफणीची परीक्षा विकतच्या किटलाही लागू पडते, फक्त तेव्हा मोटर आत बसवलेली असावी लागते.

हवेविषयी एवढेच सांगतो की बाटली सोड्याची किंवा शीतपेयाचीच घ्यावी, पिण्याच्या पाण्याची पातळ बाटली घेऊ नये. पाणी एक तृतीयांश किंवा त्याहून कमी, हवा ४० ते ५० पौंडांपर्यंत, आणि सोडण्याची दोरी पाच मीटर तरी लांब असावी. चरे पडलेली, उन्हात राहिलेली बाटली टाकून द्यावी. डोळ्यांवर चष्मा, आणि मोठे कोणीतरी जवळ.

आठवीच्या वर्गाला घेऊन असा प्रयोग करायचा आहे. जागा आणि वेळ कशी निवडावी? कासच्या पठारावर नेले तर? — एक विज्ञान शिक्षिका, सातारा

कासला नेऊ नये. ते पठार पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत २०१२ पासून आहे, आणि तेथील फुलांची माती पावलांनीही दबते. चाळीस मुले रॉकेटमागे धावल्यावर काय उरेल? ठोसेघर-चाळकेवाडीकडचे पठारही नको. तेथे पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्याचे कारण तेथला वारा आहे, आणि आपल्याला नेमका वाराच नको आहे.

वारा दोन प्रकारे त्रास देतो. चढताना रॉकेट वाऱ्याच्या दिशेकडे नाक वळवते, कारण पंखांवर बाजूने वारा आदळतो. म्हणून वाऱ्यात ते सरळ न जाता वाऱ्याला सामोरे कलते. उतरताना उलट होते, पॅराशूट त्याला वाऱ्याबरोबर घेऊन जाते. साधा हिशेब पाहा. १०० मीटर उंचीवर छत्री उघडली आणि रॉकेट सेकंदाला ४ मीटर वेगाने उतरू लागले, तर त्याला २५ सेकंद लागतात. वारा सेकंदाला अवघा ३ मीटर असला, म्हणजे झाडाची पाने हलतील एवढाच, तरी ते ७५ मीटर लांब पडते. तेवढ्या अंतरात ओढा, विजेच्या तारा किंवा शेजाऱ्याची द्राक्षबाग येते का, हे आधी पाहिले पाहिजे. छत्रीच्या मध्याशी रुपयाएवढे भोक पाडले तर उतरणे थोडे जलद होते आणि झोके कमी होतात. लहान, हलक्या रॉकेटला छत्रीऐवजी रंगीत कागदाची लांब फीतही पुरते.

वेळ म्हणाल तर कार्तिक ते माघ, सकाळी सात ते नऊ. नंतर ऊन तापले की हवा वर उसळू लागते, आणि फाल्गुन-चैत्रात तर माण, खटाव, जत, आटपाडीच्या माळावर वावटळी उठतात. शाळेचे मैदान पाण्याच्या रॉकेटला पुरते. दारूच्या मोटरचे रॉकेट परवानगीने उडवायचे असेल तर मात्र जागेविषयी फार कडक राहावे लागते, कारण मोटरच्या तोंडातून ज्वाळा येते. वाळलेले कुसळी गवत, उसाच्या फडातले पाचट, शाळू काढल्यावर रचलेल्या कडब्याच्या गंजी यांच्या आसपास ते अजिबात नको. मोटर ए गटाची (ही अक्षरे मोटरची ताकद सांगतात, अर्थ पुढच्या उत्तरात) असली तरी मोकळी जागा निदान ३० मीटर, बी गटाला ६० मीटर आणि सी गटाला १२० मीटर लागते, असा अमेरिकेतील सुरक्षा नियमांचा दंडक आहे. माणसे ५ मीटर दूर, रॉकेटला सुरुवातीला सरळ वाट दाखवणारी उडवण्याची सळई उभ्या रेषेपासून ३० अंशांपेक्षा जास्त कललेली नाही आणि वारा ताशी ३२ किलोमीटरच्या आत, हेही त्यातलेच. मुलांसाठी मी वाऱ्याची ही मर्यादा निम्म्यावर आणीन.

मोटरवर “ए८-३”, “सी६-५” असे लिहिलेले असते म्हणे. त्याचा अर्थ काय? — तासगाव

अक्षर एकूण आवेग, म्हणजे जोर गुणिले तो टिकतो तेवढा वेळ, सांगते. ए म्हणजे जास्तीत जास्त २.५ न्यूटन-सेकंद, बी म्हणजे ५, सी म्हणजे १०. प्रत्येक अक्षराला मर्यादा दुप्पट होते. मधला आकडा सरासरी जोर न्यूटनमध्ये, आणि शेवटचा आकडा दारू संपल्यापासून छत्री बाहेर पडेपर्यंतचे सेकंद.

आठ न्यूटन म्हणजे साधारण ८०० ग्रॅम वजन उचलण्याइतका जोर. मोटरसह ७० ग्रॅमच्या रॉकेटला तो मिळाला तर ९० सेंटिमीटरच्या सळईच्या टोकापर्यंत पोहोचेतो त्याचा वेग ताशी ५० किलोमीटरच्या आसपास होतो. हा वेग महत्त्वाचा आहे, कारण सळई सुटल्यानंतर रॉकेटला सरळ ठेवणारे फक्त पंख असतात, आणि कमी वेगात पंखांना हवेची पकड मिळत नाही. रंगाचे चार हात देऊन रॉकेट जड केले, तर नेमका येथे घात होतो. शेवटचा आकडाही तितकाच जपावा. जड रॉकेटला लांब विलंबाची मोटर लावली तर ते नाक खाली करून वेगाने पडत असताना छत्री उघडते, आणि दोरी नळीचे तोंड चिरत जाते.

रॉकेट किती उंच गेले हे घरच्या साधनांनी कसे मोजावे? — दहावीतील विद्यार्थिनी, सांगली

कंपासपेटीतला कोनमापक घे, त्याच्या मध्याला दोरा आणि दोऱ्याला नटबोल्ट बांध, आणि सरळ कडेला शीतपेयाची नळी चिकटव. उडवण्याच्या जागेपासून मोजून ५० मीटरवर उभी राहा. रॉकेट सर्वांत वर असताना नळीतून ते पाहा आणि दोरा बोटाने जागीच दाबून धर. दोरा दाखवतो तो कोन आणि ९० यांतला फरक म्हणजे उन्नत कोन. उंची म्हणजे ५० गुणिले त्या कोनाचा टॅन. ४५ अंश आले तर ५० मीटर, ६० आले तर सुमारे ८७ मीटर, आणि त्यात तुझ्या डोळ्यांची उंची मिळव. मैत्रिणीला समोरच्या बाजूला तेवढ्याच अंतरावर उभे कर. दोघींच्या उत्तरांत मोठा फरक आला तर रॉकेट सरळ वर गेलेले नाही, एकीच्या बाजूला कलले आहे.

बटण दाबूनही मोटर पेटली नाही तर काय करावे? — फलटण

नियंत्रकातली, म्हणजे बटणाच्या डबीतली, सुरक्षा किल्ली काढून घ्यावी, बॅटरी सोडवावी आणि पूर्ण ६० सेकंद जागचे हलू नये. बहुतेक वेळा प्रज्वलकाची, म्हणजे मोटर पेटवणारी, तार मोटरमधून सुटलेली असते, किंवा तिची दोन टोके एकमेकांना टेकलेली असतात.

पॅराशूट बाहेर आले, पण उघडले नाही. प्लास्टिकचा गोळा होऊन पडले. असे का होते? — कोरेगाव येथील वाचक, सध्या परदेशी वास्तव्य

आपल्याकडे परवानगीने उडवता येते असे दिसते, म्हणून सविस्तर लिहितो. छत्री आणि मोटर यांच्यामध्ये न पेटणाऱ्या खास कागदाचे चार-पाच सैल बोळे घालावे लागतात, नाहीतर शेवटच्या दारूची धग थेट प्लास्टिकला लागते. मी एकदा ते संपले म्हणून घरातला साधा टिश्यू कागद घातला होता. रॉकेट खाली आले तेव्हा आत धुमसता बोळा आणि बाहेर वितळलेली छत्री, अशी स्थिती होती, आणि नातवाने ते दृश्य त्याच्या आईला सविस्तर सांगितले. आपल्या छत्रीवर जळल्याची खूण नसेल, तर ती आदल्या रात्री घडी करून ठेवली होती का, हे आठवून पाहावे. थंडीत प्लास्टिकची घडी कडक होते आणि तशीच राहते. छत्री मैदानावर, उडवण्याच्या अगदी आधी घडी करावी, त्यापूर्वी तिच्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरावी, आणि दोऱ्या तिच्याभोवती घट्ट न गुंडाळता सैल ठेवाव्यात. नळीत ती सहज सरकली पाहिजे; बोटाने ठासावी लागत असेल तर ती बाहेर येतानाही अडेल.